मोतमाउलीच्या टेकडीवर

बालमित्रांनो, मेणाचा पाय पाहिलाय का कधी? गुडघ्यापासून खालचा, वीतभर लांब, पाचही बोटं साच्यातून नीट उमटलेली. किंवा मेणाचा हात? मेणाचं हृदय? मेणाचं डोकं? नसेल पाहिलं तर चला माझ्याबरोबर, आज आपण मुंबईतल्या वांद्र्याच्या टेकडीवर जाणार आहोत. तिथे रस्त्याच्या कडेला अशा वस्तूंची रांगच्या रांग मांडलेली दिसेल. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ही काय खेळण्यांची दुकानं आहेत की काय! पण जरा थांबून गिऱ्हाइकांचे चेहरे पाहिले की कळतं, इथे कुणी खेळणं घ्यायला आलेलं नाही.

वांद्रे स्टेशनला पश्चिमेच्या बाजूला उतरायचं. रिक्षावाल्याला नुसतं ‘माउंट मेरी’ म्हटलं की पुरे, पत्ता सांगावा लागत नाही. पायांत जोर असेल तर मात्र हिल रोडने चालत जा आणि शेवटचा चढ दगडी पायऱ्यांनी चढा. दुसरी एक वाट बँडस्टँडच्या समुद्राकडून वर येते. कुठूनही आलात तरी थोडा दम लागतोच. वर पोचलात की समोर करड्या दगडांचं, दोन मनोऱ्यांचं चर्च उभं असतं. हेच माउंट मेरी. आमच्या मराठी माणसांच्या, त्यातूनही कोळ्यांच्या तोंडात तिचं नाव ‘मोतमाउली’. माउली म्हणजे आई, हे तुम्हांला आषाढीच्या वारीवरून ठाऊक आहेच. ज्या मायेने वारकरी ज्ञानोबांना माउली म्हणतात, त्याच मायेने कोळी येशूच्या आईला माउली म्हणतात. मला हे नाव ‘माउंट मेरी’पेक्षा कितीतरी आवडतं.

आता थोडा इतिहास. घाबरू नका, सनावळ्या फार नाहीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमदानीत जेजुइट पंथाच्या धर्मगुरूंनी या टेकडीवर मारियेचं एक छोटं प्रार्थनास्थान बांधलं. तिथली मूर्ती पोर्तुगालहून आणलेली होती. 1700 च्या सुमाराला समुद्री चाचे टेकडीवर चढून आले. मूर्तीच्या हातातली सोनेरी वस्तू खरंच सोन्याची आहे असं वाटून त्यांनी मूर्तीचा उजवा हातच कापून नेला, असं सांगतात. पुढे 1738-39 मध्ये मराठे आणि पोर्तुगीज यांची वसईची लढाई झाली. चिमाजी अप्पांची वसईची मोहीम तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचली असेल. त्या धामधुमीत जुनं प्रार्थनास्थान पडलं. 1760 च्या सुमाराला ते पुन्हा उभं राहिलं. त्याआधी एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि त्याला समुद्रात एक मूर्ती सापडली, ही कथा वांद्र्यात आजही आजीआजोबा नातवंडांना सांगतात. आज आपण बघतो ती इमारत त्यामानाने नवी, 1904 सालची. तिचे वास्तुशिल्पकार शापूरजी चंदाभॉय होते. म्हणजे चर्च ख्रिस्ती लोकांचं, आराखडा पारशी माणसाचा आणि माउली कोळ्यांची. मुंबई ती मुंबईच! 1954 साली पोपनी या चर्चला बॅसिलिका हा मान दिला.

पण मला या सगळ्या गोष्टींत त्या कापलेल्या हाताची गोष्ट सर्वांत जास्त लक्षात राहिली आहे. विचार करा, आपला हात बरा व्हावा, पाय बरा व्हावा म्हणून हजारो माणसं जिच्यासमोर येऊन उभी राहतात, तिच्या मूर्तीचा स्वतःचाच हात एकदा तोडला गेला होता!

8 सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारी वांद्र्याची जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. 2020 साली करोनामुळे जत्रा भरू शकली नाही, तेव्हा वांद्र्याच्या लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं. पूर्वी माहीमची खाडी होडीने ओलांडून जत्रेला यावं लागे आणि होड्या उलटून माणसं बुडत. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाय यांनी पैसे दिले आणि 1845 साली माहीमचा बांध, म्हणजे आजचा माहीम कॉजवे, वाहतुकीला खुला झाला. आज त्याच रस्त्यावरून बसगाड्या भरभरून येतात. त्यांत फक्त ख्रिस्ती नसतात बरं का. कपाळावर कुंकू लावलेल्या आज्या असतात, बुरखा घातलेल्या आया असतात. दुकानदार कुणाला ‘तुमचा धर्म कोणता’ विचारत नाही. तो एवढंच विचारतो, “काय पाहिजे?”

आणि त्या प्रश्नाचं उत्तर काय असतं ते जरा ऐका. “पाय द्या एक. डावा.” “डोळे आहेत का?” “हृदय. मोठं नको, लहान द्या, बाळाचं आहे.” परीक्षा जवळ आली की मुलं मेणाची वही घेतात. कुणी मेणाचं घर घेतं, कुणी विमान, कारण नोकरीसाठी परदेशी जायचं असतं. या विमानवाल्यांचं मला थोडं हसू येतं, खोटं कशाला सांगू! पण “डावा पाय” म्हणणाऱ्या माणसाचं हसू येत नाही. त्या एका शब्दामागे घरातली खाट असते, औषधांचा डबा असतो, रात्री दोन वाजता लागलेला दिवा असतो.

तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरी असं असेल. आजोबांना अर्धांगवायू झालेला, काकूंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आई किंवा बाबा महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेले. ताप आला तर चार दिवसांत उतरतो, हात मोडला तर दीड महिन्यात प्लास्टर निघतं. पण काही आजार घरात पाहुण्यासारखे येतात आणि जातच नाहीत. पहिल्या महिन्यात नातेवाईक फळं घेऊन येतात. सहाव्या महिन्यात फोन येतात. दुसऱ्या वर्षी फोनसुद्धा कमी होतात. मग देवाला हात जोडताना मनात येतं, अरे, तू ऐकतोस की नाही?

हा प्रश्न विचारण्यात पाप नाही. खुद्द येशूनेही विचारला होता. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमानी नावाच्या बागेत तो जमिनीवर पालथा पडून प्रार्थना करत होता. जमलं तर हे दुःख माझ्यावरून टळू दे, असं त्याने बापाकडे मागितलं. आणि ते टळलं नाही. बरोबर आणलेले मित्रही तेवढ्यात झोपी गेले होते! बायबलमधला हा प्रसंग मला फार खरा वाटतो. आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागलेल्या कुणालाही तो खरा वाटेल.

आता तुम्ही म्हणाल, मग मेणाचा पाय वाहून पाय बरा होतो की नाही, ते सांगा ना. सांगते. मेणात काही जादू नाही. चर्चही तसं म्हणत नाही. मेणाचा पाय म्हणजे देवाला लिहिलेली चिठ्ठी समजा. ज्याला शब्द सुचत नाहीत तो वस्तू ठेवतो. चिठ्ठी टाकली म्हणून औषध बंद करायचं नसतं, डॉक्टरांकडे जायचं थांबवायचं नसतं. आणि चमत्कारांच्या बाबतीत चर्च किती कडक असतं हे बघायचं असेल तर फ्रान्समधल्या लूर्द गावाची हकिगत ऐका. माउंट मेरीसारखंच तेही मारियेचं स्थान आणि तिथेही जगभरचे आजारी लोक येतात. 1858 साली बेर्नादेत नावाच्या चौदा वर्षांच्या गरीब मुलीला तिथल्या एका कपारीत मारियेचं दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. तिने हाताने माती उकरली तिथे झरा लागला. तेव्हापासून हजारो लोकांनी ‘आम्ही इथे बरे झालो’ असं सांगितलं. लूर्दला डॉक्टरांचं एक खास कार्यालय आहे. ते जुने कागद, तपासण्या, सगळं पाहतं, वर्षानुवर्षं वाट पाहतं. एवढं करून आजवर चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना किती? सत्तरच्या थोड्याच वर!

आणि गंमत पुढेच आहे. गंमत कसली, मन थबकावं अशी गोष्ट आहे. त्या बेर्नादेतला लहानपणापासून दमा होता. पुढे ती मठात गेली, तिथे आजारी भगिनींची सेवा करू लागली आणि मग तिला स्वतःला हाडांचा क्षय झाला. ज्या झऱ्यावर सारं जग बरं व्हायला धावत होतं, तो झरा जिच्या हाताला लागला ती मुलगी बरी झाली नाही. 1879 साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ती वारली. चर्चने तिला संत म्हटलं ते ती बरी झाली म्हणून नव्हे.

मग आशा म्हणतात ती नेमकी कशाची? हे मला पुस्तकातून नाही, माझ्या मावशीकडून कळलं.

आम्ही वसईकडचे. 2011 साली मावशीला कॅन्सर झाल्याचं कळलं. ऑपरेशन झालं, केमोथेरपी झाली, केस गेले, पुन्हा आले. त्या सप्टेंबरात आई लोकलने वांद्र्याला आली आणि तिने मेणाची पूर्ण बाहुली वाहिली. दुसऱ्या वर्षीही बाहुलीच. तिसऱ्या वर्षी दुखणं पाठीच्या मणक्यात उतरलं होतं. आईने दुकानदाराला विचारलं, “पाठ आहे का?” त्याने सगळी मांडणी धुंडाळली. हात होते, पाय होते, पोटसुद्धा होतं, पाठ काही नव्हती. शेवटी त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, “बाय, पुरी बाहुलीच घ्या. तिच्यात पाठ आलीच की!” आईने ही गोष्ट घरी येऊन सांगितली तेव्हा मावशी इतकी हसली की हसताना पाठ दुखते म्हणून रडली आणि पुन्हा हसली.

चौथ्या वर्षी, 2014 साली, आई निघाली तेव्हा मावशीने तिला जवळ बोलावलं. म्हणाली, “या खेपेला बाहुली नको. साधी मेणबत्ती लाव. आणि पोरांना घेऊन जा, त्यांना जत्रा दाखव.” आईच्या पोटात गोळाच आला. तिला वाटलं, बहिणीने आस सोडली. ती तसं बोलूनही गेली. तेव्हा मावशी जरा रागावलीच. “आस सोडली असती तर मेणबत्ती तरी कशाला सांगितली असती? अगं, देवाने काय करावं ते मी चार वर्षं सांगतेय. आता म्हटलं, तू नुसता माझ्याजवळ राहा.”

त्यानंतरही मावशी रोज काही ना काही मागायची, पण मागण्या बदलल्या होत्या. आजची रात्र झोप लागू दे. थोरलीचा दहावीचा पेपर सोपा जाऊ दे. मे महिन्यात फणस खायला मिळू दे. फणस मिळाला. दहावीचा निकालही तिने पाहिला. गावातल्या बायका संध्याकाळी येऊन खाटेभोवती जपमाळेची प्रार्थना म्हणायच्या. चर्चमधून फादर तिच्यासाठी ख्रिस्तप्रसाद घेऊन येत. त्यांनी तिच्या कपाळाला आणि तळहातांना आशीर्वादित तेल लावून प्रार्थना केली. पूर्वी लोक या तेलाला भीत. फादर तेल घेऊन आले म्हणजे आता सगळं संपलं, असं मानत. आता चर्च सांगतं की हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्या माणसासाठी नाही, गंभीर आजारी असलेल्या कुणासाठीही आहे, आणि पुन्हा पुन्हा घेता येतो. मावशीने तो तीनदा घेतला. 2015 च्या पावसाळ्यात ती गेली. घरीच. आईचा हात तिच्या हातात होता.

मृत्यूनंतर सगळं संपत नाही, येशू जसा तिसऱ्या दिवशी कबरीतून उठला तसे आपणही उठू आणि आपल्या माणसांना भेटू, हा ख्रिस्ती लोकांचा विश्वास आहे. ईस्टरचा सण त्याचाच. मावशीचा त्यावर पक्का विश्वास होता. तरीही ती गेली तेव्हा आम्ही सगळे ढसाढसा रडलो. विश्वास असला की रडू येत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. लाजर नावाचा मित्र मेला तेव्हा येशूसुद्धा रडला होता, आणि त्याला तर माहीत होतं की आपण त्याला उठवणार आहोत!

चला, थोडा वेळ चर्चमधून बाहेर येऊ. उतारावरून खाली बँडस्टँडला जा आणि तसेच टोकाला किल्ल्यापर्यंत चाला. पोर्तुगीजांनी 1640 साली बांधलेला हा किल्ला. तिथून समुद्र दिसतो, वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो आणि नशीब असेल तर कोळ्यांच्या होड्या. होडी उभी करायची तर नांगर टाकावा लागतो, हे तुम्हांला माहीत आहे. (शेतातला नांगर निराळा. मराठीने दोन्हींना एकच नाव का दिलं, ते गुरुजींना विचारा. दोन्ही जमिनीत रुततात म्हणून असेल.) तर रोममध्ये जमिनीखाली पहिल्या ख्रिस्ती लोकांची जुनी दफनस्थानं आहेत. त्या काळी त्यांचा छळ होत असे. तिथल्या थडग्यांवरच्या दगडांवर जागोजाग नांगराचं चित्र कोरलेलं आढळतं. नांगर ही त्यांची आशेची खूण होती. बायबलमध्येही आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे. कोळ्याच्या पोराला हे लगेच समजेल. नांगर टाकला म्हणून वादळ थांबत नाही. होडी वरखाली होतेच, पाणी आत येतंच. पण ती खडकावर जाऊन आपटत नाही. माझ्या मावशीची साधी मेणबत्ती म्हणजे तिचा नांगर होता, असं मला वाटतं.

पुन्हा वर टेकडीवर येऊ, कारण एक जागा दाखवायची राहिली. चर्चजवळच, त्याच माउंट मेरी रोडवर, एक शांत वास्तू आहे. तिचं नाव शांती अवेदना सदन. नावातला ‘अवेदना’ हा शब्द नीट बघा. वेदना नसणं म्हणजे अवेदना. टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधले कॅन्सरचे सर्जन डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 1986 साली ती सुरू केली. भारतातलं हे पहिलं ‘हॉस्पिस’. डॉक्टर एवढे मोठे सर्जन, पण त्यांच्या लक्षात आलं की ज्यांच्यावर आता शस्त्रक्रिया करून उपयोग नाही अशा पेशंटांना ‘घरी न्या’ एवढंच सांगितलं जातं. घरी नेऊन करायचं काय? दुखणं तर थांबत नाही. म्हणून हे सदन. इथे आजार बरा करण्याचा दावा नाही. इथे दुखणं कमी करतात, जखमा धुतात, भरवतात, कूस बदलून देतात, आणि कुणाला एकटं मरू देत नाहीत. होली क्रॉस भगिनी इथली सेवा करतात. कोणत्याही जातिधर्माचा रुग्ण असो, पैसे घेत नाहीत. ही आत जाऊन बघायची जागा नाही, तेव्हा बाहेरूनच नमस्कार करा आणि आवाज न करता पुढे चला.

हॉस्पिस म्हणजे पूर्वी यात्रेकरूंची धर्मशाळा. वाटेत थकलेल्यांनी उतरायचं, गरम जेवायचं, पाय धुवायचे. तो जुना शब्द आजाऱ्यांसाठी नव्याने वापरात आणण्यात मोठा वाटा होता एका इंग्रज बाईचा. सिसली सॉण्डर्स. आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावं लागलं, म्हणून रुग्णालयात समाजसेविका झाल्या. 1948 साली लंडनमध्ये त्यांना डेव्हिड तास्मा नावाचा पेशंट भेटला. पोलंडमधला ज्यू, युद्धानंतर एकटा पडलेला, हॉटेलात वेटरचं काम करणारा. चाळिशीच्या आसपासचं वय आणि कॅन्सर. सिसलीबाई रोज त्याच्याजवळ जाऊन बसत. मरणाऱ्या माणसांसाठी एक वेगळं घर असावं, जिथे त्यांचं दुखणं थांबेल आणि त्यांचं कुणी ऐकूनही घेईल, असं दोघं बोलत. तास्मा गेला तेव्हा त्याने जवळचे पाचशे पौंड त्यांच्या नावे ठेवले. तुमच्या त्या घरात मी एक खिडकी होईन, असं तो म्हणाला होता.

आता बघा हं. घर नाही, जमीन नाही, काही नाही. हातात आहे फक्त एका खिडकीचे पैसे! सिसलीबाई ख्रिस्ती श्रद्धेच्या. त्यांना वाटलं, हे देवाचंच बोलावणं आहे. कुणी तरी सांगितलं की डॉक्टर झाल्याशिवाय तुमचं कुणी ऐकणार नाही. तर तिशी उलटल्यावर त्या मेडिकल कॉलेजात गेल्या आणि 1957 साली डॉक्टर झाल्या. दुखायला लागेपर्यंत थांबून मग औषध द्यायचं, ही जुनी रीत त्यांनी बदलली. दुखणं परत यायच्या आतच, घड्याळ लावून पुढचा डोस द्यायचा. रोपटं सुकल्यावर आपण पाणी घालतो का? आधीच घालतो ना? तसंच. आणि अखेर 1967 साली त्यांचं घर उभं राहिलं, सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस. खिडकीपासून घरापर्यंत एकोणीस वर्षं लागली. तास्माची खिडकी तिथे आहे.

ख्रिस्तोफर हे नाव का, तेही सांगून टाकते. हा प्रवाशांचा संत. दंतकथा अशी की तो धिप्पाड माणूस लोकांना खांद्यावर बसवून नदीपार नेत असे. एका रात्री एक लहान मूल आलं. नदीच्या मध्यावर ते मूल इतकं जड झालं की ख्रिस्तोफरचे गुडघे वाकायला लागले. पण त्याने ते टाकलं नाही. पलीकडच्या काठावर कळलं की खांद्यावर खुद्द बाळ येशू होता. ज्यांच्या घरी आईने सासूला, बाबांनी आजीला, ताईने भावाला असं वर्षानुवर्षं उचललं आहे, त्यांना ही दंतकथा वाटणार नाही.

आईबाबांसाठी चार ओळी. घरात कुणी फार दिवस आजारी असेल तर मुलांपासून ते लपवू नका. तुम्ही स्वयंपाकघरात कुजबुजता आणि मुलं दाराआड ऐकत असतात. मग जे ऐकू येत नाही ते ती मनाने जुळवतात, आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. काही मुलांना तर आपल्याच हट्टामुळे आजी आजारी पडली असं वाटत राहतं. त्यांना स्पष्ट सांगा की तसं नसतं. आणि आजाऱ्याला ‘काही नाही, आठ दिवसांत फिरायला लागशील’ असं खोटं सांगून त्याला एकटं पाडू नका. त्याला सगळं कळत असतं.

आणि दोस्तांनो, तुम्ही? तुम्हांला वाटतं, आपण लहान, आपण काय करणार. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो मावशीआजीच्या खाटेशेजारी बसून वर्तमानपत्रातले क्रिकेटचे आकडे मोठ्याने वाचायचा. मावशीला क्रिकेटमधलं काहीही कळत नव्हतं! “धोनीने किती केले?” एवढं एकच ती विचारायची. पण चार वाजले की तिची नजर दाराकडे लागायची. प्रार्थना करायची असेल तर तीही तिथेच करा, मोठ्या शब्दांची गरज नाही. ख्रिस्ती नसाल तर तुमच्या घरच्या देवाची करा. बोलायला काही नसेल तर गृहपाठ घेऊन बसा. पेन्सिल चालल्याचा आवाजसुद्धा आजाऱ्याला बरा वाटतो.

जत्रेच्या आठवड्यात आलात तर गाड्यांचा नाद सोडा. टेकडीकडचे रस्ते माणसांनी भरून जातात, चालतच यावं लागतं. पायऱ्यांच्या बाजूला खाऊची दुकानं लागतात. तिथे कडियो-बोडियो नावाचा गोव्याकडचा खाऊ मिळतो. बोटाएवढे लांबट कुरकुरीत तुकडे आणि वर गुळाचा लेप. एक पुडी घरच्या आजाऱ्यासाठी घ्या. चावता येत नसेल तर नुसता गूळ चाटवा, अर्थात साखरेचा आजार नसेल तरच, आईला विचारून. आणि घरी गेल्यावर जत्रा पहिल्यापासून सांगायला बसा. कुठल्या पायरीवर दम लागला, दुकानदाराच्या मिशा कशा होत्या, मेणाचं विमान घेणारा माणूस किती जाडा होता, सगळं सांगा. एकही गोष्ट गाळू नका. खाटेवरच्या माणसाला सगळं ऐकायचं असतं.